उजवीकडचे प्रत्येक दुखणे अपेंडिक्सचे नसते

ओटीपोटात उजवीकडे दुखू लागले आणि अंगात ताप भरला, की घरातली मंडळीच निदान करून मोकळी होतात : 'अपेंडिक्स!' पुष्कळदा ते बरोबरही असते. पण सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सर्रास होऊ लागल्यापासून रिपोर्टवर अधूनमधून वेगळेच नाव दिसते, 'डायव्हर्टिक्युलायटिस'. ते वाचून नातेवाईक गांगरून जातात.

मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून शिरतात, तिथे भिंत थोडी कमकुवत असते. आतल्या दाबाने त्या जागी लहानशी पिशवी बाहेर येते. बहुतेकांना तिचा पत्ता आयुष्यभर लागत नाही. तिला सूज आली की दुखणे सुरू होते. युरोप-अमेरिकेत या पिशव्या मुख्यतः डावीकडे होतात. जपान, कोरियात उजवीकडे जास्त. उजवीकडची पिशवी अपेंडिक्सच्या शेजारीच, त्यामुळे नुसते हाताने तपासून फरक सांगणे कठीण.

पूर्वी अपेंडिक्स समजून पोट उघडले, की आतड्यावर सुजलेला गोळा दिसे. कॅन्सरची शंका येऊन कित्येकदा उजवीकडचे निम्मे आतडे काढले जाई. आता स्कॅनवर आधीच निदान होते. पिशवी फुटलेली नसेल, तर आतड्याला विश्रांती, सलाईन आणि गरजेनुसार अँटिबायोटिक एवढ्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींना त्रास पुन्हा होतो, पण तोही बहुधा औषधानेच जातो.

माझ्याकडचे एक किराणा दुकानदार हटून बसले होते, "डॉक्टरसाहेब, एकदाची काढूनच टाका, पुन्हा कटकट नको." मी म्हटले, "शेटजी, हा चामखीळ नव्हे. आतड्याचा तुकडा कापून दोन टोके जोडावी लागतात. तो जोड गळला तर जिवावर बेतते." चार दिवस दवाखान्यात राहून ते दुकानावर परतले.

मात्र पोट लाकडासारखे कडक झाले, नाडी धावू लागली, उलट्या थांबेनात, किंवा दोन-तीन दिवस औषध घेऊनही ताप हटेना, तर सर्जनकडे जायलाच हवे. मोठा पू झाला असेल तर सोनोग्राफीत बघून नळीने काढता येतो. पिशवी फुटून पू किंवा मळ पोटभर पसरला, तर ऑपरेशनला पर्याय नाही, आणि तिथे तास मोजायचे असतात. अशा वेळी 'पोट साफ होईल' म्हणून एरंडेल पाजणाऱ्या आजीबाईंना हात जोडून थांबवा.

बरे झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी दुर्बिणीने आतडे तपासण्याचा सल्ला मिळाला, तर तो टाळू नका. सुजेआड कॅन्सर लपलेला नाही ना, हे त्यात कळते. वजन घटले असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर ते आधीच सांगा.

राहता राहिला पेरू. बिया पिशवीत अडकतात म्हणून तो बंद करायला आम्हीही सांगत असू. २००८ साली अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत शेंगदाण्यासारखे दाणे व मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांना हा त्रास जास्त झाल्याचे आढळले नाही. दुखणे ओसरल्यावर पेरू खुशाल खा.