नवस : बोलण्यापासून फेडण्यापर्यंत

नवस हा देवाशी केलेला वायदा असतो. मागणे पूर्ण झाले तर अमुक करीन, असा शब्द भाविक देतो. नवस कधी बोलायचा हे माणूस ठरवतो. तो फेडण्याची वेळ कधी येईल, हे त्याच्या हाती नसते. पावसाने ओढ दिल्यामुळे दुबार पेरणीची पाळी आलेला शेतकरी, मूल नसलेले जोडपे, दुखणे हटत नाही असे घर, हे सगळे हातचे उपाय थकले की नवसाकडे वळतात. त्यामुळे नवसाच्या मुळाशी बहुधा एखादे अपयश असते.

नंदुरबार जिल्ह्यात आणि त्याच्या सीमेलगत या श्रद्धेची अनेक रूपे दिसतात. शहादा तालुक्यात तापीकाठी असलेल्या सारंगखेड्याची यात्रा घोडेबाजारासाठी गाजलेली आहे. पण मार्गशीर्षातील दत्तजयंतीला एकमुखी दत्तापुढे नवस फेडणाऱ्यांचीही रांग लागते. कोणी गुळाने तुला करतो. अक्कलकुवा तालुक्याला लागून, गुजरातच्या हद्दीत, देवमोगरा येथे आदिवासींची कुलदेवता याहामोगी आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत भाविक बांबूच्या नव्या टोपलीतून तिच्यासाठी धान्य, मोहाची दारू आणि कोंबडा नेतात.

सातपुड्यातील होळीत नवस अंगावर धारण केला जातो. अक्कलकुव्यातील काठी संस्थानची होळी 1246पासूनची मानली जाते. तिथे नवसकरी बावा बनतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेची आणि तांदळाच्या पिठाची नक्षी, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, असा त्यांचा वेश असतो. त्याआधी काही दिवस त्यांना पालनी करावी लागते. या काळात खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे आणि ब्रह्मचर्य पाळायचे असते. रात्रभर ढोल वाजतो, नाच होतो आणि पहाटे होळी पेटते.

नवस फळला नाही तर फेडण्याचे बंधन उरत नाही. तरीही बहुतेक लोक देव सोडत नाहीत. ‘त्याच्या मनात नसेल’ असे म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पेरतात आणि यात्रेलाही जातात. नवसात दिसणारा व्यवहार इथे मागे पडतो आणि अट नसलेला विश्वास शिल्लक राहतो.

वारकरी संतांनी नेमका हाच विश्वास महत्त्वाचा मानला. नवसाने संतती होते ही समजूत तुकारामांनी खोडून काढली. त्यांचे स्वतःचे आयुष्य अपयशाने भरलेले होते. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, पहिली पत्नी आणि मुलगा गेले. परंपरेनुसार त्यांनी घरातील कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली आणि देहूचे पडके देऊळ दुरुस्त केले. पुढे अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते तेरा दिवस काठावर उपाशी बसून राहिले, असेही सांगतात. या आख्यायिकेत तुकाराम देवाला जाब विचारतात, पण त्याच्याकडे पाठ फिरवत नाहीत.

नवसकऱ्याची वाट पाहणे मागणे पूर्ण होण्यासाठी असते, तर संतांच्या लेखी खुद्द देवच मागणे असतो. दोन्हीकडे या मधल्या काळात हात रिकामे राहत नाहीत. शेतकरी औत धरतो, बावा पालनी करतो, तुकाराम देऊळ दुरुस्त करतात. आजारपणातही नवस बोलला तरी दवाखाना सुटू नये, हे यातूनच ओघाने येते.