जामखेडने डॉक्टरकी वाटून टाकली

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले, तेव्हा त्यांना दवाखाना थाटायला मिळाली ती गुरांच्या दवाखान्याची जुनी, वापरात नसलेली इमारत. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले. मुंबई-पुण्यात त्यांचं सहज बस्तान बसलं असतं. पण १९६० साली लग्न करतानाच त्यांनी देवासमोर शब्द दिला होता की खेड्यातल्या उपेक्षितांसाठी आयुष्य द्यायचं. रजनीकांत मूळचे याच नगर जिल्ह्यातल्या राहुरीचे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जिथे काही वर्षं राहिले, तीच ही राहुरी. नगर जिल्ह्याला मिशनच्या कामाची ओळख जुनी होती.

जामखेडला येण्याआधी काही वर्षं या दोघांनी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम केलं. तिथे त्यांच्या ध्यानात आलं की आज बरं करून घरी पाठवलेलं मूल महिन्याभरात तीच हगवण घेऊन पुन्हा दारात येतं. आजार राहत होता गावात: घाण पाण्यात, अर्धपोटी राहण्यात, बाळंतिणीला उपाशी ठेवण्याच्या रीतीत. इस्पितळाच्या खाटा वाढवून तो हटणार नव्हता.

मग गावात कोणी जायचं? आधी शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या. परक्या गावात एकटीनं राहणं त्यांना जमेना आणि गावच्या बायका त्यांच्यापाशी मन मोकळं करीनात. तेव्हा आरोळ्यांनी जे केलं, ते त्या काळच्या वैद्यकीय जगाला धाडसाचंच वाटलं असणार. त्यांनी गावालाच आपली बाई निवडायला सांगितलं. निवडल्या गेलेल्यांत कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एका पंगतीत जेवायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी असं एकत्र जेवणं हाच पहिला धडा होता. औषधांची नावं त्यानंतर.

त्या शिकल्या काय? गरोदर बाईला तपासणं, अडचणीचं बाळंतपण वेळीच ओळखून इस्पितळात धाडणं, स्वच्छ पात्यानं नाळ कापणं, हगवण लागलेल्या लेकराला साखर-मिठाचं पाणी पाजत राहणं, क्षय आणि कुष्ठरोगाची पहिली लक्षणं हेरणं. यातलं काहीही लिहिता-वाचता येण्यावाचून अडत नाही. हे जामखेडनं दाखवून दिलं आणि माझ्या मते त्या प्रकल्पाचं सर्वांत मोठं काम तेच.

बाकीचं कामही डोळसपणे झालं. हातपंप बसवताना जागा दलितवस्तीत निवडली जाई. पाणी हवं तर साऱ्या गावानं तिथे यायचं. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक चालला. पुरुषांना जात विसरून एकत्र आणायला व्हॉलीबॉलचे खेळ मांडले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूट बनवणारी कार्यशाळाही इथेच उभी राहिली.

या साऱ्यात ख्रिस्ती श्रद्धा कुठे दिसते, असं कुणी विचारील. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूनं शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती घरात लहानपणीच कानावर पडते. गुरूनं खाली बसायचं आणि शिष्यानं वर, हा तिचा गाभा. आरोळ्यांनी रुग्णाला नुसतं औषध दिलं असतं तरी ती सेवाच ठरली असती, पण देणारा वर आणि घेणारा खाली, हे तसंच राहिलं असतं. त्यांनी आपली विद्याच गावातल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या बाईच्या हाती दिली. तिनं धर्म बदलावा अशी अट घातली नाही.

फळ आकड्यांत दिसतं. प्रकल्पाच्या नोंदींनुसार सुरुवातीला हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या आत आला होता. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. पुढे काम त्यांची मुलं शोभा आणि रवी यांनी सांभाळलं.

२००५ नंतर देशभर आशा कार्यकर्त्या आल्या, त्यांच्या कल्पनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता. पण सरकारनं आठवी पासची अपेक्षा घातली, आणि आशाताईच्या वाट्याला नोंदवह्या फार, निर्णयाचा अधिकार थोडा आला. जामखेडच्या बाईला गाव आपली मानत होतं, कारण तिला गावानं निवडलं होतं. आशांचं मानधन वाढलंच पाहिजे. पण त्याबरोबर त्यांना दर आठवड्याला बसून शिकण्याची जागा आणि आपल्या गावाबद्दल ठरवण्याचा हक्कही द्या. एवढं केलं तर जामखेडचं ऋण थोडं तरी फिटेल.