युद्धाचा जागतिक इतिहास आणि कलिंगचा शिलालेख

विद्यापीठांतून युद्धाचा इतिहास हा स्वतंत्र विषय म्हणून शिकविला जाऊ लागला, त्यास फार काळ लोटलेला नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठात लष्करी इतिहासाचे अध्यासन १९०९ साली निर्माण झाले. आरंभी या विषयाचा भर सेनापती, मोहिमा आणि व्यूहरचना यांवर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मायकेल हॉवर्ड यांच्यासारख्या इतिहासकारांनी युद्धाचा विचार समाज आणि राज्यसंस्था यांच्या संदर्भात केला. तथापि, युद्धाचा जागतिक इतिहास शिकविणे म्हणजे अधिक देशांतील लढायांची यादी देणे नव्हे. विद्यार्थ्यापुढे कोणती साधने ठेवावीत व त्यांना कोणता प्रश्न विचारावा, हे महत्त्वाचे आहे. आमच्या मते तो प्रश्न असा असावा: मृतांची गणना कोणी केली आणि कशासाठी?

प्राचीन जगातील विजेते मृतांची गणना करीत असत. असीरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल (इ. स. पू. ८८३-८५९) याच्या लेखांत शत्रूंच्या मुंडक्यांचे ढीग रचल्याचे वर्णन अभिमानाने येते. इराणच्या दारयवहूने बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत लेख कोरविला. त्यातील बाबिली पाठात ठार झालेल्या बंडखोरांचे आकडे आहेत. ही गणना पराक्रमाचा पुरावा म्हणून केलेली आहे.

सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख याच मालिकेत ठेवून शिकवावा, म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी झालेल्या कलिंग युद्धात दीड लक्ष लोक देशोधडीस लागले, एक लक्ष मारले गेले आणि त्याहून कितीतरी पट मरण पावले, असे विजेता स्वतःच सांगतो. आणि पश्चात्ताप व्यक्त करतो. ज्यांना स्वतःला इजा झाली नाही, परंतु ज्यांच्या आप्तमित्रांवर आपत्ती कोसळली, त्यांचे दुःखही तो नोंदवितो. या लेखाचा काही भाग कंदाहार येथे ग्रीक भाषेत सापडला आहे. पाच यवन राजांची नावेही त्यात आहेत.

परंतु श्रद्धेपोटी येथेच थांबणे योग्य नव्हे. अशोकाने कलिंग परत केले नाही. त्याच लेखात अटवी प्रदेशातील लोकांना आपल्या सामर्थ्याची जाणीवही त्याने करून दिली आहे. शिवाय, कलिंगातीलच धौली आणि जौगड येथे हा तेरावा लेख आढळत नाही. त्याऐवजी अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची आज्ञा देणारे स्वतंत्र लेख आहेत. ज्यांचे आप्त मारले गेले, त्यांच्या भूमीत तो पश्चात्ताप का कोरला गेला नाही, यावर विद्यार्थ्यांनी विचार करावा.

हीच कसोटी बौद्ध परंपरेलाही लावली पाहिजे. महावंसाच्या पंचविसाव्या परिच्छेदात दुट्ठगामणी राजा युद्धातील संहाराने अस्वस्थ होतो, तेव्हा अर्हत त्याचे सांत्वन करतात की, त्याच्या हातून दीडच मनुष्य मारला गेला. एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशीलही घेतलेला. इतरांची गणना पशूंत होते! याउलट संयुत्त निकायातील योधाजीव सुत्तात, रणांगणात मरणाऱ्या योद्ध्यास स्वर्ग मिळतो ही समजूत भगवान बुद्धांनी स्पष्टपणे नाकारली आहे. आधुनिक काळात जपानमधील झेन संप्रदायांनी साम्राज्यवादी युद्धाला साथ दिली. सोतो संप्रदायाने १९९२ साली त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. बौद्धांचा इतिहास युद्धापासून अलिप्त होता, असे सांगणारा शिक्षक धम्माची सेवा करीत नाही.

जी परंपरा काहींना मनुष्यगणनेतून वगळते, तिचा अर्थ आंबेडकरी वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण चार दृश्यांत शोधले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्यसंघात आला, तेव्हा सिद्धार्थाने त्यास विरोध केला. दोन्ही पक्षांनी पंच नेमून वादाचे कारण तपासावे, असे सुचविले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. म्हणजे या मांडणीत धम्माचा प्रवासच युद्धाची कारणे तपासण्याच्या आग्रहातून सुरू होतो. युद्धाचा इतिहास शिकविणाऱ्या वर्गात ही तपासणी व्हावी, आणि तीत आपला पक्षही सुटू नये.