पेशीतली रस्सीखेच

रोवणी आटोपल्यावर आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावरून चाललं की पायापाशी नाकतोडे टणाटण उडतात. धान खाणारा कीटक एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पण पेशीतला एक मोठा प्रश्न सुटला तो त्याच्याच जातभाईंमुळे.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. पेशी दुभंगण्याआधी प्रत्येकाची दुसरी प्रत तयार होते आणि दोन्ही चिकटून राहतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून प्रथिनांचे बारीक तंतू येऊन त्यांना पकडतात. एक प्रत इकडे, एक तिकडे गेली म्हणजे वाटणी बरोबर. पण दोन्हींना एकाच टोकाच्या तंतूंनी धरलं तर? पेशीला डोळे नाहीत. चूक कळणार कशी?

रस्सीखेच आठवा. दोन्हीकडून ओढलं तरच दोर ताणतो. सगळे एकाच बाजूला गेले की ढिला. पेशी हा ताणच बघते. ताण नसेल तर पकड सुटते आणि तंतू पुन्हा नव्याने धरतात.

अमेरिकेतल्या ब्रूस निक्लास यांनी १९६९ मध्ये हे नाकतोड्याच्या शुक्रपेशी तयार होताना पडताळलं. तिथे जोडी आई-बापाकडून आलेल्या गुणसूत्रांची असते, पण नियम तोच. एकाच बाजूने धरलेली जोडी त्यांनी काचेच्या सुईने उलट दिशेला ओढून धरली. एरवी सुटली असती ती चुकीची पकड ओढ होती तोवर टिकून राहिली! पुढे १९८३ मध्ये सुई किती वाकते यावरून त्यांनी तंतूंचं बळही मोजलं. एका गुणसूत्रामागे सुमारे ७०० पिकोन्यूटन. धानाचा एक दाणा उचलायला अशा काही लाख ओढी लागतील. तरी गुणसूत्र नुसतं हलवायला लागतं त्याच्या हजारो पट हे बळ आहे.

ही वाटणी चुकते तेव्हा काय होतं? डाउन सिंड्रोम असलेल्या बाळात २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. बहुतेक वेळा चूक बीजांड तयार होताना झालेली असते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडांतल्या जोड्या जुळतात आणि वर्षानुवर्षं तशाच थांबतात. वयाबरोबर त्यांना चिकटवणारी प्रथिनं कमी होतात, मग ताण नीट बसत नाही. म्हणून वाढत्या वयात ही शक्यता वाढते. तरुण आईलाही असं मूल होऊ शकतं.

घरात मात्र बोट सुनेकडे जातं. ग्रहणात विळीला हात लावलास, म्हणतात. ती वाटणी चुकली तेव्हा बहुतेकदा गर्भ राहिलेलाही नसतो.