संप्रेरकांचा निरोप आणि पुण्याचीं बालकें

एखाद्या वडील माणसास मधुमेह जडल्याचें कळलें म्हणजे शेजारीपाजारी हटकून म्हणतात, "अहो, पण ते तर अगदीं किडकिडीत आहेत! त्यांना कसा झाला?" प्रश्न भाबडा वाटला तरी त्यांत मोठें मर्म दडलेलें आहे. स्थूल, बैठ्या आणि मिष्टान्नप्रिय गृहस्थास हा रोग व्हावा हें बुद्धीस पटतें. पण बेताचें जेवणारा, पंचावन्न किलो वजनाचा मनुष्य त्याच्या तावडींत कां सांपडावा? या प्रश्नाचा शोध गेलीं तीसहून अधिक वर्षें पुण्यांत चालला आहे, आणि त्याचा धागा थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत, विशेषतः घरांतील गर्भवती सुनेच्या ताटापर्यंत येऊन पोंचतो. म्हणून तो विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. तत्पूर्वीं संप्रेरक म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

संप्रेरक हा शब्द कानाला जड लागतो, पण तो नेमका आहे. 'ईर्' या धातूचा अर्थ हलविणें, चालना देणें. त्याला 'प्र' लागून प्रेरणा झाली आणि 'सम्' लागून संप्रेरक. इंग्रजींतला हार्मोन हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याचाही अर्थ चेतविणें असाच आहे. तो शब्द १९०५ मध्यें लंडनच्या स्टार्लिंग नांवाच्या शास्त्रज्ञानें रूढ केला. त्याआधीं तीन वर्षें, १९०२ मध्यें, त्यानें व त्याचा मेहुणा बेलिस यानें कुत्र्याच्या आंतड्याच्या एका भागाकडे जाणारे मज्जातंतु तोडून त्या भागांत आम्ल सोडलें होतें. तंतु तुटले, म्हणजे जणूं तारायंत्राच्या ताराच तुटल्या. स्वादुपिंडाला खबर लागण्याचें कांहीं कारण नव्हतें. तरीही स्वादुपिंडांतून पाचक रस झरूं लागला! आंतड्यानें कांहीं एक द्रव्य रक्तांत सोडलें होतें आणि रक्तानेंच तो निरोप पोंचविला होता.

रक्त सर्वत्र फिरतें, म्हणून निरोपही सर्वत्र फिरतो. पूर्वीं गांवांत दवंडी पिटली जाई ती साऱ्यांच्या कानीं पडे. पण शेतसाऱ्याची दवंडी ज्याचें शेत असेल त्यानेंच मनावर घ्यावी. तसाच प्रकार येथें आहे. ज्या पेशीपाशीं त्या विशिष्ट संप्रेरकास ओळखणारा ग्राहक असेल तीच पेशी कामाला लागते. बाकीच्यांच्या दारावरून दूत मुकाट्यानें पुढें जातो. मासा, बेडूक, पक्षी, गाय आणि माणूस या सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत ही व्यवस्था जवळजवळ एकाच सांच्याची आहे. आमच्या सफाळ्याच्या भातखाचरांत पावसाळ्यांत जे बेडूकमासे वळवळतांना दिसतात, त्यांची शेंपटी विरून त्यांना पाय फुटतात ते थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाच्या आज्ञेनें. १९१२ मध्यें गुडरनाच नांवाच्या संशोधकानें बेडूकमाशांस घोड्याची थायरॉइड ग्रंथि खाऊं घातली, तेव्हां पुरती वाढ होण्यापूर्वींच त्यांचे चिमुकले बेडूक होऊन बसले. आज्ञा घोड्याची आणि पालन बेडकानें केलें! मनुष्याच्या अर्भकांत हेंच संप्रेरक जन्मतः नसेल आणि पहिल्या कांहीं आठवड्यांत तें ओळखून गोळी सुरू केली नाहीं, तर मुलाची उंची खुंटते आणि बुद्धीही.

या संप्रेरकाच्या घडणींत आयोडीन लागतें. समुद्रकांठच्या लोकांस तें आपोआप मिळतें अशी एक समजूत आहे. ती ताज्या मासळीपुरती ठीक आहे; मिठापुरती मात्र खरी नाहीं. आमच्या किनाऱ्यावरच्या मिठागरांत उन्हानें वाळविलेल्या मिठांत आयोडीन नगण्य उरतें, म्हणून तें वरून मिसळावें लागतें; आणि १७ मे २००६ पासून खाण्यासाठीं बिनआयोडीनचें मीठ विकण्यास देशभर कायद्यानें मनाई आहे. सुश्रुतानें वर्णिलेल्या गलगंडावर एवढा स्वस्त उपाय असावा, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

संप्रेरकांचे विकार अशा रीतीनें एकतर दूत कमी पडल्यानें होतात, नाहींतर तो फाजील झाल्यानें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींतून वाढीचें संप्रेरक बालपणीं अतोनात स्रवूं लागलें म्हणजे मूल राक्षसी उंचीचें होतें, हें दुसऱ्या प्रकारचें उदाहरण. पण एक तिसराही प्रकार आहे, आणि आपल्या घरांना भोंवला आहे तो हाच: दूत येतो, निरोप सांगतो, परंतु ऐकणाराच बधिर झालेला असतो.

भोजनानंतर रक्तांत साखर वाढली कीं स्वादुपिंडांतून इन्सुलिन हें संप्रेरक स्रवतें. स्नायूंनीं व चरबीनें साखर आंत घ्यावी, यकृतानें ती सांठवावी, असा त्याचा निरोप असतो. १९२१ मध्यें कॅनडांतील टोरांटो येथें बॅंटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून तें वेगळें केलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास बैलाच्या स्वादुपिंडांतून काढलेलें इन्सुलिन टोंचलें. तो मुलगा त्यावर आणखी तेरा वर्षें जगला. त्याच्या शरीरांत दूतच उरला नव्हता. बाहेरून धाडलेला दूत, मग तो बैलाचा कां असेना, त्याला पुरला. आपल्याकडील बहुसंख्य रोग्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या रक्तांत आरंभीं इन्सुलिन असतें, किंबहुना नेहमींपेक्षां जास्तच असतें. पेशी ऐकत नाहींत म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक मोठ्यानें ओरडतें आणि वर्षानुवर्षें ओरडून शेवटीं थकतें. तोंवर रोग्यास बहुधा कांहींच जाणवत नाहीं.

सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत: मातापित्यांच्या बीजदोषानें होणारा सहज, आणि अपथ्यामुळें होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. हें निरीक्षण इतकें मार्मिक आहे, कीं आजच्या डॉक्टरांच्या दोन प्रकारांशीं तें बऱ्याच अंशीं जुळतें. यावरून आपल्या पूर्वजांस इन्सुलिन ठाऊक होतें असें म्हणणारे उत्साही लोकही भेटतात; त्यांच्या भरीस पडण्याचें प्रयोजन नाहीं. चांगल्या निरीक्षकाचा मान तेवढा त्यांस द्यावा. परंतु आमच्या आरंभींच्या किडकिडीत गृहस्थाचें काय? तो कृश आहे, पण त्याचा रोग दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याला या विभागणींत जागाच नाहीं.

ही जागा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं शोधून काढली. इंग्लंडांत डेव्हिड बार्कर यांनीं असें दाखविलें होतें, कीं जन्मतः ज्यांचें वजन कमी त्यांना उत्तरवयांत मधुमेह व हृद्रोग अधिक होतात. त्या सूत्राचा धागा धरून १९९३ मध्यें पुण्याजवळच्या सहा खेड्यांत विवाहित तरुण स्त्रियांची पाहणी सुरू झाली. त्यांतल्या ज्या गरोदर राहिल्या त्यांचें खाणें, काम, रक्त हें सर्व नोंदून पुढें त्यांच्या बालकांची मोजमापें घेण्यांत आलीं. गर्भधारणेपूर्वीं या स्त्रियांचें सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतें. बालकें सरासरी २.७ किलोंचीं भरलीं. इंग्लंडांतील साऊथॅम्प्टनचीं बालकें ३.५ किलोंचीं असतात. येथपर्यंत नवल कांहींच नाहीं. नवल पुढेंच आहे. पुण्याच्या बालकांचें पोट बारीक, दंड बारीक, स्नायु तुटपुंजे. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली तर ती इंग्रज बालकांच्या जवळपास! उपासमार झाली ती स्नायूंची. चरबी मात्र निसर्गानें राखून ठेविली होती. पुढें २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणींत पुण्यांत जन्मलेल्या बालकांच्या नाळेच्या रक्तांत लंडनच्या गोऱ्या बालकांपेक्षां इन्सुलिन अधिक आढळलें. आईच्या कुशींतून बाहेर पडतांनाच स्वादुपिंडाला आवाज चढवावा लागत होता.

डॉक्टरांनीं स्वतःचें उदाहरणही जगापुढें ठेविलें. २००४ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापून आलें. दोघेही सडपातळ, उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३. पण शरीरांतील चरबी मोजली, तर यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. तराजूवर सारखे भरणारे दोन देह आंतून किती भिन्न असूं शकतात, हें याहून स्पष्ट कसें दाखवावें? भारतीयांसाठीं हा अंक २५ ऐवजीं २३ च्या आंत, आणि कमरेचा घेर पुरुषांचा ९० व स्त्रियांचा ८० सेंटीमीटरच्या आंत असावा असें डॉक्टर आतां सांगतात, त्याचें कारण हेंच.

आतां ताटाकडे वळूं. या सहा खेड्यांतील पाहणींत आईनें एकंदर किती अन्न खाल्लें यापेक्षां काय खाल्लें याचा बालकाशीं अधिक संबंध दिसला. हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध ज्यांच्या आहारांत वारंवार होतें त्यांचीं बालकें भरदार निघालीं. पाणी भरणें, धुणें धुणें अशीं जड कामें ज्यांच्या अंगावर अधिक, त्यांचीं लहान निघालीं. रक्त तपासतां सुमारें दोन-तृतीयांश मातांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी आढळलें. हें जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. शाकाहारी घरांत त्याचा आधार म्हणजे दूध, दहीं व ताक. आणि जिच्यांत बी-१२ कमी व फोलेट जास्त होतें अशा मातांचीं मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर तपासलीं, तेव्हां त्यांच्या पेशी इन्सुलिनला सर्वांत अधिक बधिर आढळल्या. यावरून कोणी गर्भवतीचें फॉलिक आम्ल बंद करूं नये. गर्भाच्या मज्जारज्जूच्या रक्षणास तें आवश्यकच आहे. फक्त बी-१२ चीही तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

आपण शाकाहाराचा अभिमान बाळगतों आणि तो मलाही आहे. परंतु ज्या घरांत पुरुष, मुलें व पाहुणे जेवून उठल्यावर सून पानावर बसते आणि तिच्या वाट्याला उरलेला भात, आमटी व तळाचें ताक येतें, त्या घरांत शाकाहार पाळला जातो तो तिच्या आणि तिच्या पोटांतील जिवाच्या जिवावर. चहांतलें चमचाभर दूध म्हणजे दूध नव्हे. वडीलधाऱ्या सासवांनीं मनावर घेतलें, तर हें एका दिवसांत बदलण्यासारखें आहे. गरोदरपणीं साखरेची तपासणीही टाळूं नये: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून देऊन दोन तासांनीं रक्त तपासतात, आणि साखर १४० वा त्याहून अधिक भरल्यास उपचार सुरू करतात. ही तपासणी पहिल्या भेटीस आणि पुन्हां २४ ते २८ व्या आठवड्यांत व्हावी, असा सरकारचा दंडक आहे.

सर्व खापर आईच्या ताटावर फोडणें मात्र अन्यायाचें होईल. वंश दोन्हीं कुळांचा असतो, आणि पुढचें खाणेंपिणें ज्याचें त्याचें. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांत गाडींत बसून कचेरींत जाणारा व तेथून बसूनच परत येणारा वर्ग आपण सारे ओळखतों. मला अधिक चिंता वाटते ती आमच्याच जिल्ह्यांतल्या जव्हार-मोखाड्याच्या मुलांची. कमी वजनाचीं म्हणून तेथलीं बालकें वर्षानुवर्षें वर्तमानपत्रांत येतात. त्यांतलाच एखादा मुलगा मोठा होऊन बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत लागतो, हातीं पैसा येतो, वडापाव आणि गोड पेयें स्वस्त मिळतात. कुपोषणानें सुरू झालेल्या त्या देहाला ही समृद्धि किती मानवेल, हा प्रश्न पुण्याच्या शोधामुळें आमच्याही दाराशीं आला आहे.

पुण्याच्या त्या सहा खेड्यांतील बालकें दरम्यान मोठीं झालीं. २०१२ मध्यें तीं ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर असतांना संशोधकांनीं त्यांतल्या मुलींना व मुलांनाही बी-१२ च्या गोळ्या रोज देण्याचा प्रयोग आरंभिला. मात्रा अवघी दोन मायक्रोग्रॅम. गर्भ राहिल्यावर धांवपळ करण्यापेक्षां लग्नाआधींच आईबापांचीं शरीरें तयार करावीं, ही त्यामागची कल्पना. त्या मुलींचीं लग्नें झालीं, त्यांना मुलें झालीं, आणि ज्या नाळेच्या रक्तानें पूर्वीं इन्सुलिनचा चढलेला आवाज ऐकविला होता, तसेंच नाळेचें रक्त याही बाळांच्या जन्माच्या वेळीं पुण्यांत जपून तपासण्यांत आलें.