ताण ओळखणारी पट्टी

कोल्हापुरातील एखाद्या तालमीत पहाटे डोकावून पाहा. आखाड्यात उतरण्यापूर्वी पोरे शेकड्यांनी बैठका मारीत असतात. प्रत्येक बैठकीत गुडघा पुरता वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. कडेला बसलेले वस्ताद नुसत्या नजरेने ओळखतात, की अमक्याचा डावा गुडघा आज अर्ध्यावरच अडतो आहे. राजर्षी शाहू महाराजांचे खासबाग मैदान १९१२ साली बांधून पुरे झाले. तेव्हापासून कुस्तीगीरांच्या किती पिढ्या अशा नजरेखाली तयार झाल्या असतील!

पण विद्यार्थी मित्रांनो, नजर कितीही तयार असली तरी ती आकडा सांगत नाही. गुडघा दुखावलेल्या मल्लाने पुन्हा मातीत कधी उतरावे? लवकर उतरला, तर गुडघा कायमचा अधू होण्याची भीती. फार थांबला, तर कमावलेली ताकद ओसरते. काल गुडघा किती वाकला आणि आज किती, हे मोजता आले तर निर्णय सोपा होईल. त्यासाठी शास्त्रज्ञ एक पट्टी तयार करीत आहेत. ती गुडघ्यावर चिकटवायची किंवा मोज्यात शिवायची. कातडी ताणली की पट्टी ताणते आणि किती ताणली ते विजेच्या भाषेत सांगते. तिला ताण-संवेदक म्हणतात.

कातडी ताणते तरी किती? पाय सरळ ठेवून गुडघ्याच्या वाटीवर, एकाखाली एक, पाच सेंटिमीटर अंतरावर शाईचे दोन ठिपके द्या. आता गुडघा पूर्ण वाकवून अंतर मोजा. ते सहा-सात सेंटिमीटर भरेल. म्हणजे लांबी शेकडा वीस ते चाळीस वाढली! मूळ लांबीच्या मानाने होणाऱ्या या वाढीला भौतिकशास्त्रात विकृती म्हणतात.

ताणल्याने तारेचा विद्युत रोध बदलतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ साली तांब्याच्या व लोखंडाच्या तारांवर दाखविले होते. कारण सोपे आहे. तार ताणली की लांब होते आणि बारीकही होते. लांब वाटेने आणि अरुंद वाटेने जाताना विजेला अधिक अडथळा होतो. या तत्त्वावर १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तारेचा ताणमापक बनविला. पूल, विमाने, वजनकाटे यांत त्याचे वंशज आजही काम करतात. पण धातूची तार किंवा पत्री शेकडा दोन-तीनपेक्षा फारशी ताणता येत नाही. गुडघ्यावर ती पहिल्याच बैठकीला तुटेल.

मग उपाय काय? धातूच पातळ केला तर! १९५३ साली व्हिटनी यांनी बारीक रबरी नळीत पारा भरला आणि ती हातापायांभोवती गुंडाळून अवयवाच्या आकारमानातील फरक मोजला. पारा विषारी असल्यामुळे आज त्याऐवजी गॅलियम आणि इंडियम यांचा मिश्रधातू वापरतात. तो नेहमीच्या तापमानाला द्रवरूपच असतो.

अशा नळीचे गणित करू या. नळी दीडपट ताणली. आतल्या धातूचे आकारमान तेवढेच राहते, म्हणून नळीचा छेद दीडपटीने लहान होतो. रोध लांबीच्या सम आणि छेदाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून नवा रोध १.५ × १.५ = २.२५ पट. लांबी शेकडा ५० वाढली, तर रोध शेकडा १२५ वाढला.

दुसरी युक्ती म्हणजे रबरात कार्बनचे सूक्ष्म कण मिसळणे. कण एकमेकांना टेकलेले असतात तोवर वीज वाहते. रबर ताणले की कण दूर सरकतात आणि रोध वाढतो. २०११ साली जपानी शास्त्रज्ञांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांपासून शेकडा २८० पर्यंत ताणता येणारा संवेदक केला व तो मोज्यांवर, हातमोज्यांवर बसवून दाखविला. २०१६ साली डब्लिन येथे खेळण्यातल्या सिलिकोनच्या लगद्यात ग्राफीन मिसळले गेले. त्या लगद्याला कोळ्याचे पाऊलसुद्धा कळले!

तिसरी युक्ती कापडाची. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. मागावरच्या कापडातील धागे उभे-आडवे सरळ असतात, म्हणून ते फारसे ताणत नाही. स्वेटरमध्ये मात्र धाग्यांचे फासे असतात. धाग्याला चांदीचा मुलामा दिला, तर फासे ताणताना त्यांचे एकमेकांना टेकणे बदलते आणि रोधही बदलतो.

पट्टीला वीजही हवी, आणि तीही वाकणाऱ्या साधनातून. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थांच्या पातळ थरांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. लवचिक पत्र्यांवर असे थर देऊन वीज साठवणारे सुपरकपॅसिटरही तेथे तयार झाले आहेत.

तर मग अडले कोठे? ताणणे सोपे, परत येणे अवघड! ताण काढल्यावर रबर आपल्या मूळ जागी थोडे उशिरा येते. या मागे रेंगाळण्याला शैथिल्य म्हणतात. डब्लिनचा लगदा अतिशय संवेदनशील खरा, पण ताण गेल्यावरही त्याचा रोध हळूहळू बदलत राहतो. शिवाय उष्णतेचा घोटाळा आहेच. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला शेकडा सुमारे ०.४ वाढतो. म्हणजे व्यायामाने तार पाच अंश तापली, तर रोध शेकडा दोन वाढेल. शेकडा एक ताणल्यानेही तेवढाच वाढतो! मग पट्टीने सांगितले ते गुडघ्याचे वाकणे, की अंगातली ऊब? हे वेगळे काढता आले नाही, तर त्या आकड्यावर कोणत्या मल्लाने विसंबावे?

हे तुम्हालाही पडताळता येईल. जाड कागदावर ६बी पेन्सिलीने सहा सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद अशी गडद काळी पट्टी रंगवा. दोन्ही टोकांना चिमटे लावून शाळेतील मल्टिमीटरने रोध मोजा. काळी बाजू बाहेर येईल असा कागद वाकवा, रोध वाढेल. उलट वाकवा, कमी होईल. आता तीच पट्टी पन्नास वेळा वाकवा आणि दर वेळी सरळ केल्यावर आकडा वहीत लिहा. पहिला आकडा आणि पन्नासावा आकडा जुळतो का? नसेल तर का? या प्रश्नापाशी तुम्ही आणि मोठमोठ्या प्रयोगशाळा एकाच पंगतीत बसता.