नादकाटा

शाळेच्या प्रयोगशाळेत सरांनी नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटला आणि भुजेचं टोक पाण्याच्या ग्लासाला लावलं. पाणी उडून माझ्या मनगटावर आलं. आवाज थरथरतो, हे पुस्तकात वाचलं होतं. पटलं ते त्या थेंबांनी.

खाली देठ, वर पोलादाच्या दोन भुजा, एवढाच हा काटा. या दोन भुजांत मोठी युक्ती आहे. दोघी एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात. एकीचा धक्का दुसरीच्या धक्क्याने फिटतो, म्हणून देठ हातात घट्ट धरला तरी नाद मरत नाही. देठ वरखाली होतो तो अगदी किंचित, पण टेबलावर टेकवला की तेवढ्यानेही अख्खं टेबल घुमू लागतं. शिवाय काट्याचा पहिला उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे सव्वासहा पट उंच असतो आणि चटकन विरतो. तंबोऱ्याच्या तारेतून उपस्वरांची दाटी उठते. इथे मागे उरतो तो एकटा, जवळजवळ निखळ स्वर. तो जुळवायचा कानशीने: भुजांची टोकं घासली तर स्वर चढतो, बुंध्याशी घासलं तर उतरतो.

इंग्लंडच्या दरबारातला तुतारीवादक जॉन शोर याने 1711 साली हा काटा घडवला. वाद्यं जुळवायला तो लगेच उपयोगी पडला, पण गावोगावचा स्वर मात्र वेगळाच राहिला. संगीतकार हँडेलच्या काट्याची कंपनं सेकंदाला 422.5 होती. फ्रान्सने 1859 मध्ये 435 हा आकडा ठरवला आणि 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत 440 वर एकमत झालं.

पुढे काटा घड्याळात शिरला. 1960 साली बुलोव्हा कंपनीच्या अ‍ॅक्युट्रॉन घड्याळात 360 कंपनांचा काटा गुणगुणत असे. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातही स्फटिकाचा इवलासा काटाच असतो. त्याची कंपनं सेकंदाला 32,768. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की उरतो एक, म्हणजे सेकंदाचा एक ठोका.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो डॉक्टरांच्या हातातला काटा. कानासाठी बहुधा 512 कंपनांचा वापरतात. वेबर आणि रिने या जर्मन वैद्यांच्या नावाच्या दोन चाचण्या आजही होतात. एका कानात बोट घालून काट्याचा देठ कपाळाच्या मधोमध टेकवून पाहा: आवाज बुजलेल्या कानाकडे सरकतो! मळाने किंवा पडद्याच्या दोषाने कान बंद झाला असेल तर असंच होतं. दोष आतल्या नसेचा असेल तर आवाज चांगल्या कानाकडे जातो. वीज नाही, यंत्र नाही, आणि बहिरेपण कोणत्या जातीचं याचा पहिला अंदाज मिनिटभरात येतो.

मधुमेह्याच्या पायासाठी मात्र 128 कंपनांचा काटा लागतो. साखरेने नसा बधिर होत गेल्या की चटका, खडा, जखम काहीच कळत नाही आणि पाय आतून चिघळत जातो. माझ्या वडिलांना डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले, काटा वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि म्हणाले, "काका, थरथर थांबली की सांगा."

"थांबली," बाबा लगेच म्हणाले.

डॉक्टरांच्या बोटांत ती अजून चालूच होती.